बरोबरीचा डाव

बुद्धिबळाचा पट मांडून मुलाला मोहऱ्यांच्या चाली शिकविणारा, मग तो घरातील वडीलधारा मनुष्य असो की शाळेतील शिक्षक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शह आणि मात यांकडे वळतो. आणि डावाचे निकाल दोनच, एकाने जिंकायचे व दुसऱ्याने हरायचे, अशी जी समजूत त्या पहिल्या आठवड्यात शिष्याच्या मनात घर करते ती पुढे कित्येक वर्षे हलत नाही. जगज्जेतेपदाच्या सामन्यांचे दप्तर उघडून पाहिले तर मात्र चित्र अगदी निराळे दिसते. १९२७ साली ब्वेनोस आइरेस येथे कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जे ३४ डाव झाले, त्यांपैकी २५ बरोबरीत सुटले. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत सुरू झालेला कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना पाच महिने चालून ४८ डावांनंतर निकालावाचूनच थांबविण्यात आला, तेव्हा त्यांतील ४० डाव बरोबरीचे होते. आणि २०१८ साली लंडन येथे कार्लसन व कारुआना यांच्यात दीर्घ मुदतीचे जे बारा डाव झाले, ते बाराही बरोबरीत सुटले. दोन्ही बाजूंनी खेळ निर्दोष झाला तर डाव स्वभावतःच बरोबरीकडे झुकतो, हा अनुभव इतक्या पिढ्यांनी घेतलेला असताना, आपण आपल्या मुलांना बरोबरी ही जणू राहून गेलेली गोष्ट म्हणून शिकवितो, किंबहुना शिकवीतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बरोबरी हा दुर्बल पक्षाचा हक्क आहे. ज्याच्याजवळ मोहरी कमी उरली, ज्याचा राजा उघड्यावर पडला, ज्याला जिंकण्याची आशा यत्किंचितही राहिली नाही, त्यालाही बुद्धिबळाच्या नियमावलीने अर्धा गुण मिळविण्याचे अनेक मार्ग मोकळे ठेवले आहेत. आणि प्रबळ पक्षाचे कर्तव्य असे की ते मार्ग एकेक करून बंद केल्यावाचून विजय आपला म्हणू नये. या अर्ध्या गुणाचे वय तसे फार नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८६७ साली भरलेल्या स्पर्धेत बरोबरीला अर्धा गुण देण्याची रीत आली. त्यापूर्वीच्या स्पर्धांत असे डाव जमेस धरीत नसत किंवा पुन्हा खेळवीत असत. अर्धा गुण आला आणि बचावाला किंमत आली.

मावळात जूनपासून इंद्रायणीच्या खोऱ्यात पाऊस असा काही धरतो की लोणावळ्यापासून कामशेत-वडगावपर्यंत शाळांची मैदाने चिखलाने भरून जातात, आणि मग ज्या मुलांनी एरवी कबड्डीवाचून दुसरा खेळ पाहिला नसता ती वर्गातल्या बाकांवर पट मांडून बसतात. अशा मुलांच्या शालेय स्पर्धांत पुनःपुन्हा दिसणारा एक प्रसंग वाचकाने डोळ्यांसमोर आणावा. एका मुलाजवळ राजा आणि वजीर. समोरच्या मुलीजवळ एकटा राजा, तोही पटाच्या कोपऱ्यात जाऊन बसलेला. मुलगी खिन्न होऊन हात पुढे करण्याच्या बेतात आहे. तेवढ्यात मुलगा मोठ्या उत्साहाने वजीर राजाच्या जवळ आणून ठेवतो. शह तर लागलेला नाही. परंतु राजाला हलायला एकही घर नाही. मुलगा जिंकलो म्हणून आजूबाजूला पाहतो, मुलगी हरले म्हणून उठू लागते, आणि पंच येऊन सांगतात की डाव बरोबरीत सुटला. त्या क्षणी दोघांच्याही चेहऱ्यावर सारखेच आश्चर्य असते, कारण दोघांपैकी कोणालाच हा नियम नीट कोणी सांगितलेला नसतो.

तो नियम असा. ज्याची खेळण्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, आणि राजाची वा इतर कोणत्याही मोहऱ्याची एकही कायदेशीर चाल शिल्लक नाही, अशी स्थिती आली की डाव तिथल्या तिथे संपतो व दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. या स्थितीला आज सर्वत्र स्टेलमेट म्हणतात. वरच्या प्रसंगात नेमके काय घडले ते पटावर पाहावे. उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत अक्षरे आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे, ही खूण वाचकाला ठाऊक आहेच. काळा राजा एच-८ या कोपऱ्यात असून पांढऱ्याने वजीर जी-६ वर आणला, की जी-८ आणि जी-७ ही घरे वजिराच्या उभ्या रेषेत येतात, एच-७ तिरप्या रेषेत येते, आणि एच-८ मात्र कोणत्याच रेषेत येत नाही. जी-६ पासून एच-८ हे बरोबर घोड्याच्या चालीइतके अंतर आहे, आणि वजिराला घोड्याची चाल तेवढी येत नाही. यावरून नवशिक्याने एक खूणगाठ बांधावी: एकट्या राजाला कडेकडे रेटताना त्याच्यापासून घोड्याच्या अंतरावर वजीर ठेवीत जाणे ही उत्तम रीत आहे, परंतु राजा कोपऱ्यात शिरला की तीच रीत घातक ठरते, तेव्हा वजीर जागीच राहू द्यावा आणि आपला राजा सावकाश जवळ आणावा. आणि एकटा राजा घेऊन बसलेल्या मुलीने हात पुढे करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की वजीर हाती असलेल्या नवशिक्याला मात करता येईलच असे नाही. ती त्याने करून दाखवावी, असे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

स्टेलमेटचा निकाल नेहमीच असा नव्हता. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत उलटाच न्याय होता: ज्याने शत्रूची अशी कोंडी केली तोच हरला, असे धरीत. सॅरट नावाच्या लंडनच्या खेळाडूने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो न्याय बदलून बरोबरीचा नियम रूढ केला. आपल्या देशी खेळात तर अशी कोंडी करण्यालाच मज्जाव असे. जिंकणाऱ्याने अशी खेळी टाळून दुसरी शोधावी, असा दंडक होता. याहूनही मनोरंजक नियम बुर्जीचा. समोरच्याची सारी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की बुर्जी झाली, आणि मग निर्भेळ विजयाचा मान नाहीसा होई. म्हणून मुरलेला खेळाडू शत्रूचे एखादे मोहरे मुद्दाम जिवंत राखून, त्याला सांभाळीत सांभाळीत मात करी, आणि तीही शक्य तर प्याद्याने, कारण प्यादेमात ही सर्वांत मानाची. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळाचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईस छापले गेले, तो काळ या देशी पद्धतीच्या वैभवाचा. हरणाऱ्याचे सर्वस्व लुटून मिळविलेला विजय कमअस्सल, हा जो विचार बुर्जीच्या मुळाशी आहे तो मला फार थोर वाटतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळताना आपण तो सोडून दिला, हे सोयीसाठी आवश्यक होते, तथापि एक सुसंस्कृत रीत त्याबरोबर गेली.

हाती आलेला डाव बरोबरीत कसा जातो, याचे उदाहरण मावळच्या इतिहासात इतक्या ठळकपणे पडलेले आहे की या प्रकरणात त्याचा उल्लेख न करणे मला अवघड वाटते. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, ज्याला मराठी मुलूख इष्टुर फाकडा म्हणून ओळखतो, तो गोळा लागून पडला, आणि फौज तळेगावी पोहोचते तो महादजी शिंदे आदी सरदारांनी पुढचा मुलूख जाळून रसद तोडलेली. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून माघार घेतली, वडगावाशी ते चोहोकडून वेढले गेले, आणि तेथे त्यांना जो करार लिहून द्यावा लागला त्यात १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत करण्याचे कबूल केले होते. पटावर याहून स्पष्ट जिंकलेली स्थिती नसेल. परंतु तो करार इंग्रजांच्या वरिष्ठ सरकारने अमान्य केला, युद्ध पुन्हा पेटले, १७८१ साली जनरल गॉडर्ड बोरघाटापर्यंत आला आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या माऱ्यापुढे नुकसान सोसून परतला. आणि १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे जो तह झाला त्यात इंग्रजांनी पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख सोडला, साष्टी मात्र ठेवून घेतली, राघोबादादांना नेमणूक ठरली, आणि दोन्ही सत्ता जवळजवळ जिथल्या तिथे राहिल्या. वडगावचा निर्विवाद जय आणि सालबाईची बरोबरी यांत सव्वातीन वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे. त्या बरोबरीने मराठी राज्याला इंग्रजांशी वीस वर्षांची शांतता मिळवून दिली, हेही त्याच जमाखर्चात मांडले पाहिजे.

आता पुन्हा पटाकडे येऊ. कारण बरोबरीची खरी शाळा राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा या अंतिम डावात भरते, आणि ज्याला हा एक धडा पक्का आला त्याला पुढचे निम्मे बुद्धिबळ आपोआप उलगडते, असे माझे मत आहे. पांढरा राजा ई-५ वर, पांढरे प्यादे ई-६ वर, काळा राजा ई-७ वर, आणि पाळी काळ्याची. काळ्याने मागे हटायचे आहे हे उघड आहे, पण कोठे? डी-८, ई-८ आणि एफ-८ ही तीन घरे नवशिक्याला सारखीच दिसतात. तो डी-८ वर गेला तर पांढरा राजा डी-६ वर येऊन त्याच्यासमोर उभा राहतो, काळ्याला ई-८ वर जावे लागते, प्यादे शह न देता ई-७ वर सरकते, काळ्याला एफ-७ वाचून गती राहत नाही, मग पांढरा राजा डी-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. एफ-८ वर गेला तरी हीच गत, फक्त बाजू बदलून. पण तो सरळ मागे ई-८ वर गेला तर सारे पालटते. पांढरा राजा डी-६ वर आला की काळा डी-८ वर जाऊन त्याच्यासमोर उभा राहील, एफ-६ वर आला की एफ-८ वर. समजा, पांढऱ्याने डी-६ पसंत केले आणि काळ्याने डी-८. आता प्यादे ई-७ वर सरकते ते शह देत. काळा ई-८ वर येऊन त्याच्यापुढे बसतो. पांढऱ्याने प्यादे राखायचे तर राजा ई-६ वरच आणला पाहिजे. आणि आणताक्षणी काळ्याला शह नाही, घरही नाही. डाव बरोबरीत. प्यादे सोडून दिले तरी उरतात दोन एकटे राजे, म्हणजे पुन्हा बरोबरीच.

या सगळ्यात काळ्याने एकच गोष्ट ओळखली: प्यादे वजीर होण्यापासून एका घरावर येईल ते शह देत येते की शांतपणे येते. शह देत आले तर बरोबरी, शांतपणे आले तर पराभव. उलटपक्षी पांढऱ्याने शिकण्यासारखे असे की त्याने प्याद्याला पुढे न पाठविता राजाला पुढे पाठवायला हवे होते; राजा ई-६ वर, प्यादे मागे ई-५ वर आणि काळा राजा ई-८ वर असता, पाळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. वाचकाने दोन्ही बाजूंनी हा डाव हात बसेपर्यंत खेळून पाहावा; नुसता वाचून तो येत नाही.

कडेच्या पट्टीवरील प्याद्याची गोष्ट वेगळी आहे. ए किंवा एच पट्टीवरील प्याद्यापुढच्या कोपऱ्यात शत्रूचा राजा एकदा जाऊन बसला, की त्याला तेथून हुसकावण्याची कोणतीही युक्ती प्यादेवाल्याच्या राजाजवळ नाही. आणखी नवल असे की प्याद्याच्या जोडीला एक अख्खा उंट असला तरी, तो जर ज्या घरात प्यादे वजीर व्हायचे त्या घराच्या रंगाचा नसेल, तर तोही व्यर्थ. कोपऱ्यातला राजा त्याच्या समोरच आत-बाहेर करीत राहतो. म्हणून हरत असलेल्या खेळाडूने दूरवरूनच पाहून ठेवावे की समोरच्याचा उरलेला उंट कोणत्या रंगावर फिरतो. नुसता राजा व एक उंट, किंवा राजा व एक घोडा, यांनी एकट्या राजावर मात होऊच शकत नाही आणि तो डाव नियमानेच बरोबरीत धरतात. दोन घोड्यांनी मात होणे शक्य असले तरी ती बळाने करता येत नाही. समोरच्याने चूक केली तरच होते.

साध्या वाटणाऱ्या या शेवटांत जगातले पहिले खेळाडूही घसरतात. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा डाव चालू होता. आधीच्या तेरांपैकी नऊ बरोबरीत सुटून गुण समसमान झाले होते. दोघांजवळ प्रत्येकी एक हत्ती आणि एक उंट, गुकेशजवळ एक प्यादे जास्त, आणि सारे जाणकार डाव बरोबरीत सुटणार असे धरून चाललेले. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणून हत्तींच्या मारामारीला वाट करून दिली; त्याचा उंट दूर कोपऱ्यात ए-८ वर असल्यामुळे गुकेशला लगोलग उंटांचीही मारामारी लादता आली, आणि उरले ते राजे आणि प्यादी, म्हणजे वर आपण पाहिला त्याच जातीचा डाव, ज्यात एक जास्तीचे प्यादे पुरेसे होते. बरोबरीची स्थिती हातात असणे आणि बरोबरी पदरात पडणे यांतले हे अंतर ज्याला कळले, तो मोहऱ्यांची अदलाबदल करण्यापूर्वी दोनदा विचार करील.

मोहरी पटावर असतानाही बरोबरी साधते, ती सततच्या शहाने. काळा राजा जी-८ वर, त्याचे प्यादे जी-७ वर, एफ आणि एच पट्ट्यांवर त्याचे आवरण नाही, आणि मध्ये आणून घालायला मोहरे मोकळे नाही. अशा वेळी पांढरा वजीर ई-८ वरून शह देतो, राजा एच-७ वर पळतो, वजीर एच-५ वर येऊन पुन्हा शह देतो, राजा जी-८ वर परततो, आणि हे चक्र कितीही वेळ चालू शकते. पांढऱ्याचे दोन हत्ती मारले गेले असले तरी त्याचा डाव येथे वाचला.

असा डाव थांबतो कोणत्या नियमाने, तर पुनरावृत्तीच्या. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, आणि किल्लेकोटाचे वगैरे हक्क तेच असताना, तीनदा आली की खेळाडूला बरोबरीचा दावा करता येतो. त्या तीन वेळा लागोपाठच्या असल्या पाहिजेत असे नाही. दावा करण्याची रीत मात्र कागदोपत्री आहे आणि मुले येथेच चुकतात. आपल्या खेळीने तिसरी वेळ येणार असेल तर ती खेळी पटावर करू नये. नोंदपत्रकावर लिहावी, घड्याळ थांबवावे आणि पंचांना बोलवावे. मोहऱ्याला हात घालून खेळी केली की त्या वेळेपुरता हक्क गेला. याच रीतीने, दोघांच्या मिळून नव्हे तर प्रत्येकाच्या ५० खेळ्यांत एकही प्यादे हलले नाही व एकही मोहरे मारले गेले नाही, तर दाद मागता येते. २०१४ पासून पाचदा पुनरावृत्ती झाली किंवा अशा ७५ खेळ्या झाल्या तर कोणी न मागताही डाव बरोबरीत संपतो. आणि घड्याळाची मुदत संपली, पण समोरच्याला कोणत्याही मार्गाने मात करणे शक्यच नसेल, तर तोही डाव बरोबरीचा.

राहिली आपसातली बरोबरी. तिचा प्रस्ताव आपली खेळी करून, घड्याळाची कळ दाबण्यापूर्वी, एकदाच आणि हलक्या आवाजात करावा. नाकारला गेल्यास पुन्हा पुन्हा विचारणे हा समोरच्याला त्रास देणे होय. मुलांनी पहिल्या वीस खेळ्यांत हात मिळवून उठावे हे मला मुळीच पसंत नाही, कारण ज्या अंतिम डावांतून विद्या यायची तेच मग खेळले जात नाहीत. २००५ साली सोफिया येथील स्पर्धेत आपसात बरोबरी ठरविण्यास बंदी करण्यात आली, ती योग्यच होती. परंतु झुंजून मिळविलेल्या बरोबरीचे मोल पाहायचे असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव काढून पाहावेत. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. पहिल्या डावात दिव्याला जिंकण्यासारखी स्थिती मिळूनही ती निसटली आणि अर्ध्या गुणावर समाधान मानावे लागले. दुसराही डाव बरोबरीत. २८ तारखेला जलद डाव सुरू झाले तेव्हा त्यांतला पहिलाही बरोबरीत. चौथ्या डावात वेळ संपत आलेल्या हंपीकडून चूक झाली आणि एकोणीस वर्षांची दिव्या विजेती व ग्रँडमास्टर ठरली. त्या तीन बरोबऱ्यांपैकी एकही ढळली असती तर चौथा डाव त्या रूपात झालाच नसता.

हे प्रकरण वाचून पट मांडणाऱ्याने रिचर्ड रेटी याने १९२१ साली रचलेली स्थिती मांडावी. पांढरा राजा एच-८ वर आणि प्यादे सी-६ वर, काळा राजा ए-६ वर आणि प्यादे एच-५ वर, खेळी पांढऱ्याची. काळे प्यादे पळत सुटले तर पांढरा राजा त्याच्यामागे दोन घरे उणा पडतो, आणि पांढऱ्या प्याद्याला काळा राजा सहज गाठतो. पांढऱ्याचा पराभव अटळ दिसतो. पांढरा राजा जी-७ वर येतो, काळे प्यादे एच-४ वर; पांढरा राजा एफ-६ वर, काळा राजा प्यादे गाठण्यासाठी बी-६ वर; पांढरा राजा ई-५ वर. तिरप्या रेषेतली ही एकेक खेळी शत्रूच्या प्याद्याकडेही नेते आणि आपल्या प्याद्याकडेही. काळ्याने सी-६ वरचे प्यादे मारले तर पांढरा राजा एफ-४ वर येऊन पळणाऱ्या प्याद्याला धरतो. काळ्याने प्यादे एच-३ वर पुढे काढले तर पांढरा राजा डी-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला आधार देतो, आणि दोन्ही बाजूंना वजीर मिळून डाव बरोबरीत सुटतो.